पासपोर्ट भारताचा, मत डब्लिनच्या पालिकेत

नोकरीनिमित्त डब्लिनला राहणारी मराठी नर्स भारतीय नागरिक असली, तरी तिथल्या पालिका निवडणुकीत मत देऊ शकते, उमेदवारी अर्जही भरू शकते. आयर्लंडच्या संसदेसाठी तिला मतदान नाही. स्थानिक निवडणुकीत मात्र मताधिकारासाठी वय १८ पूर्ण आणि वास्तव्य तिथलं, एवढं पुरतं. आश्रयासाठी अर्ज केलेल्यांनाही हा हक्क आहे.

त्याचं फळ पोर्टलिश गावाने पाहिलं. नायजेरियातून २००० साली आश्रय मागायला आलेले रोटिमी अदेबारी २००४ मध्ये तिथे नगरसेवक झाले आणि २००७ मध्ये नगराध्यक्ष. आयर्लंडचे ते पहिले कृष्णवर्णीय नगराध्यक्ष.

मतदानाची पद्धतही नवख्यांना साथ देते. मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो असतात आणि नावासमोर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा असतो, आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघासारखा. एका प्रभागातून अनेक जण निवडून जातात. शेवटच्या जागेचा निकाल अनेकदा खालच्या पसंतीच्या मतांवर लागतो, त्यामुळे स्थलांतरितांचं दार टाळून जाणं उमेदवाराला परवडत नाही.

जर्मनीने वेगळी वाट धरली. श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने १९८९ मध्ये तिथे राहणाऱ्या सहा देशांच्या नागरिकांना स्थानिक मताधिकार दिला. घटनात्मक न्यायालयाने १९९० मध्ये तो कायदा रद्द केला. पुढे युरोपीय संघाच्या नागरिकांपुरती घटना बदलली. पण जर्मन नागरिकत्व न घेतलेले तुर्की कामगार कितीही वर्षं राबले असले, तरी बाहेरच राहिले.

संरक्षण, परराष्ट्र धोरण नागरिकांनी ठरवावं, हे मान्य. पालिकेपुढे मात्र घरं, रस्ते, ग्रंथालयं असे प्रश्न असतात. तिथे भाडं भरणाऱ्या, मुलं वाढवणाऱ्या रहिवाशाला गप्प बसवणं अन्यायाचंच आहे.

परदेशातल्या भारतीयाला मायदेशी मत द्यायचं तर आपल्या मतदान केंद्रावर प्रत्यक्ष यावं लागतं. आयरिश नागरिकत्व घेतलं, तर भारतीय नागरिकत्व जातं. ते टिकवणाऱ्यासाठी पालिकेचं मत हेच हाताशी असलेलं मत. आयर्लंडमध्ये पुढची स्थानिक निवडणूक २०२९ मध्ये आहे. तुमचं कुणी तिथे असेल, तर मतदारयादीत नाव नोंदवलं का, हे आजच विचारा.