सळईवरचं बोटभर काँक्रीट

घर बांधताना मालक सळई कोणत्या कंपनीची, याची कसून चौकशी करतो. ती काँक्रीटच्या किती आत बसली, हे क्वचितच पाहतो. खरं तर सळईचं आयुष्य त्या थरावरच ठरतं. ताज्या काँक्रीटचा सामू १२.५ च्या आसपास असतो आणि त्यात पोलादावर एक संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत गेला की सामू उतरतो, पापुद्रा जातो. मुंबई-कोकणात खाऱ्या हवेतले क्लोराइड तर सामू उतरण्याची वाटही पाहत नाहीत. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, म्हणून स्लॅबचे पोपडे सुटतात.

मग टीएमटी सळई कशाला, असं कोणी विचारेल. तिचं कणखर आवरण ताकदीसाठी असतं. गंजावरचा तो उतारा नव्हे. थर उगाच वाढवला तर तडे रुंदावतात, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणूनच ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकाने थराची मापं नेमून दिली आहेत: सौम्य हवामानात २० मिलिमीटर, समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला ४५. स्लॅब ओतण्याआधी जाळीखाली खडीचे तुकडे नव्हेत, नीट मापाचे कव्हर ब्लॉक आहेत ना, हे स्वतः वाकून पाहा.