घरकुलाचा हिशेब : विटेपासून छतापर्यंत

ग्रामीण भागात घराचे बांधकाम बहुधा लिंटलपर्यंत येऊन थांबते. जोते मोठे घातले जाते, भिंती उभ्या राहतात आणि छताच्या वेळी रक्कम संपते. अशी अर्धवट घरे पुष्कळदा अनुदान अपुरे पडल्यामुळे नव्हे, तर आधी हिशेब न मांडल्यामुळे उभी राहतात. हा हिशेब गवंड्याच्या तोंडी अंदाजावर न सोडता कागदावर कसा मांडावा, हे लिंबागणेशसारख्या गावाच्या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरेल.

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेले गाव भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे परिचित आहे. या पट्ट्यातील जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची व माळवदाची. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवद यांतील धोका उघड केला. त्यानंतरच्या पुनर्वसनात कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. ठरलेल्या मापाचे मूळ घर आधी द्यावयाचे व पुढे कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ते वाढवावयाचे, ही त्यामागील दृष्टी होती. मापबद्ध घराचा विचार मराठवाड्याला नवा नाही, तो असा.

माप म्हणजे काय?

मापबद्ध रचनेत घराची सर्व मापे एका मूळ एककाच्या पटीत ठेवली जातात. भारतीय मानकांनुसार हे एकक १० सेंटिमीटरचे आहे. मॉड्युलर वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटरची असते व सांध्यातील मसाल्यासह ती २० × १० × १० सेंटिमीटर जागा व्यापते. म्हणजेच एका घनमीटर बांधकामास ५०० विटा लागतात. भिंत, दार व खिडकी याच पटीत आखल्यास विटा फोडाव्या लागत नाहीत व नासधूस टळते.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. तीत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असून त्यात स्वयंपाकाच्या जागेचा समावेश आहे. सपाट प्रदेशासाठी सहाय्य १,२०,००० रुपये ठरविण्यात आले. २०२५ मध्ये राज्य शासनाने दुसऱ्या टप्प्यातील लाभार्थ्यांसाठी ५०,००० रुपयांची भर जाहीर केली. सहाय्य बांधकामाच्या टप्प्यानुसार हप्त्यांनी मिळते. म्हणून कोणत्या टप्प्यावर किती खर्च पडेल, हे आधी कळणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल एक घर

बाहेरून ६.६० × ४.०० मीटर मापाचे, मधोमध एक आडभिंत असलेले घर घेऊ. त्याचे बांधकाम क्षेत्र २६.४ चौरस मीटर होते. भिंती २० सेंटिमीटर जाडीच्या धरल्यास बाहेरील भिंतींची मध्यरेषेवरील लांबी २०.४ मीटर व आडभिंतीची ३.६ मीटर, एकूण २४ मीटर भरते. उंची २.८ मीटर धरता भिंतींचे घनफळ १३.४४ घनमीटर येते. दोन दारे (०.९ × २.१ मीटर) व तीन खिडक्या (१.० × १.२ मीटर) यांचे मिळून सुमारे १.४८ घनमीटर आणि १० सेंटिमीटर उंचीच्या काँक्रीट पट्टीचे ०.४८ घनमीटर वजा करावे. उरलेल्या सुमारे ११.५ घनमीटरसाठी ५,७५० विटा लागतील. पाच टक्के तूट धरून ६,००० विटांचा आकडा निश्चित करता येतो.

छताची जाडी १० सेंटिमीटर धरल्यास २.६४ घनमीटर काँक्रीट लागेल. १ : १.५ : ३ या प्रमाणात एका घनमीटरला सुमारे ८ पोती सिमेंट लागते, म्हणजे छतासाठी सुमारे २१ पोती. परंतु याच छताला चारही बाजूंनी ३० सेंटिमीटरचा छज्जा काढला, तर छत ७.२० × ४.६० म्हणजे ३३.१२ चौरस मीटर होते. खोली इंचभरही न वाढता छताचा माल एक चतुर्थांशाने वाढतो. छज्जा केवळ दारे-खिडक्यांवर ठेवल्यास हा खर्च वाचतो व पावसापासूनचे संरक्षणही बऱ्याच अंशी मिळते.

दर बदलतात, परिमाण बदलत नाही. विटांची संख्या, सिमेंटची पोती, वाळूचे ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) व सळईचे वजन असा तक्ता एकदा झाला की त्यापुढे त्या दिवसाचा स्थानिक दर लिहून गुणाकार करावयाचा. पायाचा तक्ता मात्र प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र हवा. मुरमाड जागेवर उथळ पाया पुरतो. काळ्या, फुगणाऱ्या जमिनीत तो खोल न्यावा लागतो. एकाच गावातील दोन सारख्या घरांचा खर्च यामुळे वेगळा येऊ शकतो.

पाणी आणि हंगाम

बीड जिल्ह्यात दोन बाबी हिशेबात हमखास सुटतात. पहिली पाण्याची. मानकांनुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि उष्ण व कोरड्या हवेत किमान १० दिवस पाणी मारावे लागते. दुसरी हंगामाची. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि जूनपूर्वी छत व्हावे लागते. विहिरी आटतात नेमक्या त्याच दिवसांत. टँकरचे पाणी हा खर्च तक्त्यात स्वतंत्र रकाना करून दाखविला पाहिजे. तो न दाखविल्यास पाणी कमी मारले जाते व छत कायमचे कच्चे राहते. वाढीव खर्चासाठी पुढील हंगामाची उचल आधीच घ्यावी लागली, तर घराचा भार कुटुंबाच्या मजुरीवर पडतो.

तयार भागांचे घर कधी परवडते?

तयार भाग वापरण्याचा लाभ येथे दिसतो. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काँक्रीटच्या फळ्या व तुळया आधी ओतून त्यांचे छत रचण्याची पद्धत विकसित केली आहे. अशा छतास सर्वभर सेंटरिंग लागत नाही व जागेवर पाणीही कमी लागते. मात्र कारखान्यातील दराची तुलना थेट गवंड्याच्या दराशी करू नये. त्यात वाहतूक, उतरवणी, उचलण्याचे साधन, सांधेजोड व पाया यांचा खर्च मिळवावा. पाया कोणत्याही पद्धतीत वाचत नाही. एका घरासाठी हे भाग दुरून आणणे महाग पडते. गावातील दहा-पंधरा घरे एकाच मापाची असतील व भाग गावातच ओतले जातील, तर तेच साचे पुन्हा पुन्हा वापरता येतात व प्रत्येक घरावरील साच्याचा खर्च घटतो.

म्हणून ग्रामपंचायतीने मंजूर घरांची मापे एकत्र मांडून सामायिक तक्ता कार्यालयाच्या फलकावर लावावा. शाळेतील वरच्या वर्गांना घनफळाचा पाठ याच घरांवर घेता येईल. पहिला हप्ता हाती येण्यापूर्वी लाभार्थ्याला छताचा खर्च ठाऊक असेल, तर जोते किती मोठे घालावयाचे याचा निर्णय तो स्वतःच योग्य रीतीने करील.