वेणू : शब्दांवाचून गायन

हैदराबादेत वास्तव्य असल्याने त्यागराजांच्या कृती कानांवर पडणे मला नवीन नव्हते. तथापि माझे तेलुगूचे ज्ञान बेताचे. त्यामुळे वेणूवर वाजणारी कृती माझ्या लेखी केवळ एक मधुर धून होती. कान-नाक-घसा तज्ज्ञ असूनही हा गैरसमज मी अनेक वर्षे बाळगला.

कर्नाटक संगीतातील वेणूला फुंकरीचे एक व बोटांसाठी आठ छिद्रे असतात. कुंभकोणमच्या अंध शरभ शास्त्रींनी (१८७२–१९०४) तिला स्वतंत्र मैफलीचे स्थान मिळवून दिले. पुढे टी. आर. महालिंगम (१९२६–१९८६) यांनी बोटांच्या व ओठांच्या नव्या धाटणीने गळ्यातील गमके तिच्यातून काढली. आदर्श एकच, गायन! कृतीतील शब्दांना तेथे ‘साहित्य’ म्हणतात आणि वादकाला ते मुखोद्गत असावे लागते. अक्षर सुरू होते तेथे जिभेचा हलका आघात, ते लांबते तेथे अखंड फुंकर. शब्द मध्येच तुटेल अशा जागी श्वास घ्यायचा नाही, हा दंडक.

तिरुवैयारू येथे त्यागराजांच्या (१७६७–१८४७) समाधीपाशी दरवर्षी पौष वद्य पंचमीस आराधना होते. पंचरत्न कृतींच्या सामूहिक गायनापूर्वी ‘चेतुलार’ ही कृती वेणूवर वाजविण्याची प्रथा आहे. श्रीरामाला स्वहस्ते शृंगारून डोळे भरून पाहावे, हा तिचा आशय. ज्यांना साहित्य ठाऊक असते, त्यांना तो स्वरांतूनच उमगतो.

याचा प्रत्यय मला आमच्या शहरातील एका मैफलीत आला. शेजारी माझेच एक वृद्ध तेलुगू रुग्ण बसले होते. कर्करोगामुळे त्यांचे स्वरयंत्र मी काढले होते. वेणूवर कृती सुरू झाली आणि त्यांचे ओठ हलू लागले. प्रत्येक अक्षर अचूक, वेणूच्या बरोबरीने. या शस्त्रक्रियेनंतर जीभ, ओठ, टाळू शाबूत राहतात. शब्द घडतात, पण त्यांना नाद लाभत नाही. त्यांच्यापाशी शब्द होते, वेणूपाशी नाद. त्या अर्ध्या तासात दोहोंचे मिळून एक भजन झाले.

शस्त्रक्रियेपूर्वी मी त्यांना व्यवसाय विचारला होता, व्यसने विचारली होती. ‘आपण गाता का?’ हे मात्र विचारले नव्हते. आता प्रत्येक रुग्णाला विचारतो.