खेळ आणि कायदा (लेखांक सहावा) : कर्ट फ्लडचा नकार

गेल्या आठवड्यात आपण फुटबॉलपटू जॉर्ज ईस्टहॅमची गोष्ट पाहिली. करार संपला तरी न्यूकॅसल क्लब त्याला सोडायला राजी नव्हता. १९६३ मध्ये लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत म्हणजे माणसाच्या पोटापाण्यावरचं गैरवाजवी बंधन आहे असा निकाल दिला, आणि इंग्लिश फुटबॉलमधली क्लबांची मुजोरी सैलावू लागली. त्याच वर्षी अटलांटिकपलीकडे, सेंट लुईस शहरात, कर्ट फ्लड नावाच्या पावणेसहा फुटी सडपातळ खेळाडूला बेसबॉलमधला त्याचा पहिला ‘गोल्ड ग्लव्ह’ मिळाला. उत्तम क्षेत्ररक्षणासाठी दिला जाणारा हा मान त्याने तेव्हापासून सलग सात वर्षं मिळवला. ईस्टहॅमसारखीच तक्रार घेऊन तोही न्यायालयात गेला. पण ईस्टहॅम जिंकला आणि फ्लड हरला, आणि ही हार त्याला फार महागात पडली.

आधी त्याचं काम समजून घेऊ. बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं पसरत जातं. बॅट्समन पंख्याच्या टोकाशी, आणि लांबच्या हिरवळीवर तिघेच पहारेकरी : डावा, उजवा आणि मधला. या मधल्याला म्हणतात सेंटर फिल्डर. त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त जमीन येते. उंच उडालेला चेंडू जमिनीला लागण्याआधी झेलला तर बॅट्समन बाद, हे आपल्या क्रिकेटसारखंच. फरक असा, की इथे दिवसाआड नव्हे तर जवळजवळ रोज सामना असतो, हंगामात दीडशेहून जास्त, आणि प्रत्येक चूक अधिकृत नोंदवहीत त्या खेळाडूच्या नावावर चढते. १९६६ च्या अख्ख्या हंगामात फ्लडच्या नावावर एकही चूक नव्हती. आधीचे आणि नंतरचे सामने धरून ही मालिका २२६ सामन्यांपर्यंत गेली. फलंदाजीतही तो कच्चा नव्हता. १९६४ मध्ये त्याने २११ हिट्स घेतले, १९६७ मध्ये त्याची सरासरी होती .३३५. शंभरपैकी तीस वेळा यशस्वी होणाऱ्याला या खेळात मोठा बॅट्समन मानतात, यावरून काय ते समजावं. फ्लडच्या सेंट लुईस कार्डिनल्स संघाने १९६४ आणि १९६७ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, जिंकली. दोन्ही वेळा मधल्या हिरवळीवर फ्लडच होता.

१९६८ मध्येही संघ अंतिम फेरीत पोहोचला. डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध सातवा, निर्णायक सामना. सातव्या डावापर्यंत दोन्ही बाजू शून्यावर. डेट्रॉइटचे दोन गडी बाद, दोघे धावण्याच्या तयारीत, आणि जिम नॉर्थरपने मधल्या हिरवळीकडे एक जोरदार फटका मारला. फ्लड एक पाऊल पुढे आला. तेवढंच पाऊल चुकीचं होतं. तो वळला, पाय किंचित घसरला, चेंडू डोक्यावरून मागे गेला, दोन धावा झाल्या आणि सामना गेला. त्या काळातल्या सर्वांत भरवशाच्या क्षेत्ररक्षकाच्या आयुष्यातली ही सर्वांत गाजलेली चूक. अधिकृत नोंदीत तिला ‘चूक’ म्हटलेलंच नाही, कारण चेंडू त्याच्या हाताला लागलाच नव्हता.

फ्लडचा जन्म १९३८ चा, टेक्ससमधल्या ह्यूस्टनचा, पण तो वाढला कॅलिफोर्नियात, ओकलंडच्या कृष्णवर्णीय वस्तीत. तिथली मॅक्लिमंड्स शाळा म्हणजे खेळाडूंची खाणच. बेसबॉलमधले फ्रँक रॉबिन्सन आणि वाडा पिन्सन तिथलेच, बास्केटबॉलचा बिल रसेलही तिथलाच. १९५६ मध्ये सिनसिनाटी संघाने फ्लडला चार हजार डॉलरवर घेतलं आणि तयार होण्यासाठी दक्षिणेतल्या छोट्या लीगमध्ये पाठवलं. कॅलिफोर्नियात वाढलेल्या त्या पोराला दक्षिणेचा वर्णभेद तिथे पहिल्यांदा अंगावर झेलावा लागला. संघ हॉटेलात जेवायला उतरला की हा बसमध्ये. त्याने पुढे सांगितलेला एक प्रसंग ऐकून अंगावर काटा येतो. एकाच दिवशी दोन सामने होते. मधल्या वेळेत सगळ्यांनी घामाने भिजलेले गणवेश धुवायला एका ढिगात टाकले. तिथल्या नोकराने एका लांब काठीने फ्लडचे कपडे त्या ढिगातून उचलून बाजूला केले, कारण ते काळ्यांच्या लाँड्रीत जायचे होते. दुसरा सामना सुरू झाला तरी त्याचे कपडे आले नव्हते, आणि हा उघडाच बसून वाट पाहत होता.

सिनसिनाटीहून सेंट लुईसला आल्यावरही सुरुवात कठीणच गेली. सॉली हेमस नावाच्या व्यवस्थापकाने त्याला आणि महान पिचर, म्हणजे गोलंदाज, बॉब गिब्सनला बराच काळ बाकावर कुजवलं. १९६१ मध्ये हेमस गेला आणि दोघांचंही नशीब फिरलं. १९६४ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकल्यानंतर मात्र कॅलिफोर्नियातल्या अलामो गावात भाड्याने घेतलेल्या घरात शिरायला या जगज्जेत्या खेळाडूला न्यायालयाचा आदेश आणि पोलीस बंदोबस्त लागला. घरमालक बंदुकीची भाषा करत होता. न्यायालयाकडे जाण्याची सवय फ्लडला इथेच लागली असावी, असं मला वाटतं.

आता कायद्याकडे वळू. १८७९ पासून बेसबॉलच्या मालकांनी आपसात एक पद्धत पाडली होती : ‘रिझर्व्ह क्लॉज’. खेळाडूच्या करारात लिहिलेलं असे, की त्याने नव्या करारावर सही केली नाही तर क्लब जुनाच करार त्याच अटींवर एक वर्षाने वाढवू शकतो. एक वर्ष, एवढंच. पण मालक त्याचा अर्थ असा लावत : वाढवलेल्या करारातही हे कलम आहेच, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा वाढवता येईल, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. थोडक्यात, अठराव्या वर्षी केलेली सही निवृत्तीपर्यंत पुरायची. खेळाडूला क्लब सोडता येत नसे. क्लबला मात्र त्याला विकता येई, बदलता येई, घरी बसवता येई.

अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायदा १८९० पासून होता, मग हे चाललं कसं? १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती होम्स यांच्या लेखणीतून, ठरवलं की बेसबॉलचा सामना हा त्या त्या राज्यातला स्थानिक मामला आहे. संघ रेल्वेने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात, ते केवळ आनुषंगिक. म्हणून हा आंतरराज्य व्यापार नव्हे, आणि म्हणून तो कायदा लागू नाही. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, क्लब विमानाने देशभर फिरू लागले. १९५३ मध्ये हाच प्रश्न पुन्हा आला तेव्हा न्यायालयाने म्हटलं, तीस वर्षं काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, काही बदललं नाही, आता आम्ही कशाला बदलू? गंमत म्हणजे त्यानंतर चारच वर्षांच्या आत त्याच न्यायालयाने मुष्टियुद्ध आणि अमेरिकन फुटबॉल यांना मात्र ही सवलत नाकारली. उरला एकटा बेसबॉल.

ऑक्टोबर १९६९. फ्लड ३१ वर्षांचा, बारा वर्षं सेंट लुईसमध्ये काढलेला, वर्षाला ९० हजार डॉलर कमावणारा. भल्या पहाटे फोन वाजला. क्लबच्या कार्यालयातला एक कर्मचारी सांगत होता, की तुम्हाला फिलाडेल्फियाला दिलं आहे. फ्लड आणि आणखी तिघांच्या बदल्यात सेंट लुईसला तिथला कृष्णवर्णीय खेळाडू डिक ॲलन आणि आणखी दोघे मिळाले होते. मालक गसी बुश, बिअरच्या धंद्यातले बडे प्रस्थ, यांचा स्वतःचा फोनही नाही. पाठोपाठ एक छापील कार्ड आलं. फिलाडेल्फियाचा संघ दुबळा होता आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथले प्रेक्षक कसे वागवत हे ॲलनच्या हालांवरून सगळ्यांना ठाऊक होतं. पण फ्लडचा मुद्दा फिलाडेल्फिया बरं की वाईट हा नव्हताच. आपल्याला न विचारता हे झालं, हा होता.

खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख होते मार्व्हिन मिलर, पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले अर्थतज्ज्ञ. मिलर यांनी फ्लडला गोड बोलून चढवलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्यांनी स्पष्ट सांगितलं : तू बहुधा हरशील, जिंकलास तरी तुझ्या हाती काही पडणार नाही, आणि या खेळात तुला पुन्हा कुणी काम देणार नाही. फ्लडने विचारलं, इतर खेळाडूंना, पुढे येणाऱ्यांना याचा फायदा होईल का? मिलर म्हणाले, होईल. मग ठरलं. डिसेंबरमध्ये प्वेर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये खेळाडू प्रतिनिधींची बैठक झाली. हे वर्णामुळे आहे का, असं एकाने विचारलंच. कृष्णवर्णीय म्हणून जे भोगलं त्याने आपली नजर धारदार झाली असेल, पण हे कलम सगळ्यांनाच बांधतं, असा फ्लडच्या उत्तराचा रोख होता. पाठिंब्याच्या बाजूने २५ मतं पडली, विरोधात एकही नाही. नाताळच्या आदल्या दिवशी त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून कळवलं, की बारा वर्षं खेळल्यावर माझ्या मर्जीविना खरेदी-विक्री करावी अशी मी काही वस्तू नाही. कून यांनी उत्तर दिलं, की माणूस वस्तू नसतो हे मान्य, पण इथे तो प्रश्न येतो कुठे? तो प्रश्न कुठे येतो ते पुढच्या एप्रिलमध्ये दिसलं. फ्लड हजर झाला नाही, तेव्हा सेंट लुईसने त्याच्याऐवजी विली मोंतान्येझ नावाचा तरुण खेळाडू फिलाडेल्फियाला पाठवून माल पुरा करून दिला.

जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. त्याच महिन्यात टीव्हीवर मुलाखतकार हॉवर्ड कोसेलने विचारलं, ९० हजार मिळवणारा माणूस गुलाम कसा? फ्लडचं उत्तर होतं, पगार चांगला असला तरी गुलाम तो गुलामच. लोकांना हे रुचलं नाही. कारखान्यात घाम गाळणाऱ्याला हे बोलणं माजाचं वाटलं, आणि वृत्तपत्रांनी त्या भावनेला खतपाणी घातलं. मे महिन्यात सुनावणी सुरू झाली. साक्षीला जॅकी रॉबिन्सन आला : मधुमेहाने थकलेला, केस पांढरे झालेला, बेसबॉलचा वर्णभेद १९४७ मध्ये मोडणारा. जुना खेळाडू हँक ग्रीनबर्ग आला. क्लबचे माजी मालक बिल वेक आले. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू मात्र न्यायालयाच्या आवारात फिरकला नाही. ज्यांच्यासाठी तो लढत होता ते, त्याचे संघसहकारीसुद्धा, आले नाहीत. भीती समजण्यासारखी आहे. तरीही या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत बोचतं ते हेच.

खालच्या दोन्ही न्यायालयांत फ्लड हरला. मार्च १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याची बाजू मांडली आर्थर गोल्डबर्ग यांनी. ते याच न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, पण त्यांचा तो दिवस वाईट गेला. कायद्याचा युक्तिवाद सोडून ते फ्लडच्या फलंदाजीचे आकडे सांगत बसले. १९ जून १९७२ रोजी पाच विरुद्ध तीन असा निकाल लागला. न्यायमूर्ती पॉवेल यांच्याकडे बुश यांच्या कंपनीचे शेअर असल्याने ते बाजूला राहिले होते. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचा. त्याच्या आरंभी बेसबॉलच्या इतिहासाची स्तुती आणि जुन्या खेळाडूंच्या ऐंशीहून अधिक नावांची जंत्री आहे. निकालाचा तो भाग दोन सहकारी न्यायमूर्तींनाही पचला नाही. त्यांनी तेवढा वगळून सही केली. पुढे ब्लॅकमन कबूल करतात की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच आहे आणि ही सवलत विसंगत आहे. तरी ती काढायची तर काँग्रेसने काढावी, आम्ही नाही. पन्नास वर्षांची चूक पन्नास वर्षांची आहे म्हणून पवित्र! विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती डग्लस यांनी तळटीपेत लिहिलं, की १९५३ च्या निकालावर आपण सही केली होती याचा आपल्याला पस्तावा होतो.

तोवर फ्लड देशातच नव्हता. १९७० चा हंगाम त्याने न खेळताच काढला. १९७१ मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्सने १ लाख १० हजार डॉलरवर घेतलं. दाव्याला बाधा येणार नाही अशी खात्री मिळाल्यावरच त्याने सही केली. पण वर्षभराच्या खंडाने पाय जड झाले होते, कर्जं आणि दारू मागे लागली होती. तेरा सामन्यांत सात हिट्स. एप्रिल संपता संपता तो विमानतळावरून मालकाला तार करून निघून गेला आणि स्पेनच्या मायोर्का बेटावर राहू लागला. तिथे काही काळ बारही चालवला.

आणि इथे या प्रकरणातली खरी गंमत आहे. न्यायालयात मालकांचा बचाव असा होता, की हे प्रश्न वाटाघाटींनी सुटायचे, न्यायालयाने नाक खुपसू नये. खटला चालू असतानाच, १९७० च्या सामूहिक करारात, त्यांनी खेळाडूंच्या तक्रारी तटस्थ लवादापुढे नेण्याचं कलम मान्य केलं. त्याचं मोल मिलर यांना कळलं होतं, मालकांना नाही. १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅक्नॅली हे दोन पिचर नव्या करारावर सही न करता त्या हंगामात खेळले आणि लवादाकडे गेले. लवाद पीटर साइट्झ यांनी २३ डिसेंबरला करार वाचला आणि म्हटलं, एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. घटना नाही, व्यापाराची व्याख्या नाही, फक्त साधं वाचन. ९६ वर्षांची पद्धत संपली. १९७६ मध्ये खेळाडूचा सरासरी पगार सुमारे ५१ हजार डॉलर होता. १९८० पर्यंत तो १ लाख ४० हजारांच्या वर गेला.

त्याआधी, १९७३ च्या करारात, आणखी एक गोष्ट मिळाली होती. दहा वर्षं खेळलेला आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबात काढलेला खेळाडू आपली अदलाबदल नाकारू शकतो. शिकागोच्या रॉन सँटोने पहिल्यांदा तो हक्क वापरला. हा नियम चार वर्षं आधी असता तर फ्लडने नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं आणि सेंट लुईसमध्ये खेळत राहिला असता.

तो नंतर ओकलंडला परतला, काही काळ रेडिओवर समालोचन केलं, दारूतून बाहेर आला, १९८६ मध्ये अभिनेत्री जूडी पेसशी लग्न केलं. २० जानेवारी १९९७ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, घशाच्या कर्करोगाच्या आजारात तो गेला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळालेली नाही. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, काँग्रेसने कायदा केला आणि त्याला त्याचं नाव दिलं. त्यानुसार मोठ्या लीगच्या खेळाडूंच्या नोकरीपुरती १९२२ ची सवलत संपली. फक्त तेवढ्यापुरती. क्लब एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवण्याचे व्यवहार आणि छोट्या लीगमधले खेळाडू, म्हणजे अठरा वर्षांचा फ्लड जिथे उघडा बसला होता तिथलीच पोरं, या कायद्यातून मुद्दाम बाहेर ठेवली गेली.

(पुढील लेखांकात : बेल्जियमचा जाँ-मार्क बोस्मान आणि १९९५ चा युरोपीय न्यायालयाचा निकाल)