पडलेल्या झाडातला ताण

वादळात उन्मळून पडलेले मोठे झाड निपचित दिसत असले, तरी ते पुरते विसावलेले नसते. टनावारी वजनाचे खोड चार-दोन फांद्यांच्या टेकूवर तोललेले असते. खाली दबलेल्या फांद्या वाकून ताठरलेल्या असतात आणि उपटून वर आलेला मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात बसू पाहत असतो. या प्रत्येक जागी जोर साठलेला असतो आणि करवत नेमकी तिथे चालली की तो क्षणात सुटतो. उभे झाड पाडताना ते कोणत्या दिशेला जाईल याचा एकदाच अंदाज बांधावा लागतो. आडव्या झाडाचे तुकडे करताना मात्र काय हलेल, कुठे हलेल आणि केव्हा, हे प्रत्येक कापाआधी नव्याने ठरवावे लागते. म्हणून या कामात हातांच्या ताकदीपेक्षा डोळ्यांची सवय जास्त उपयोगी पडते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या आणि आंब्याच्या बागा भुईसपाट झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले आणि सिंधुदुर्गापासून मुंबईपर्यंत झाडे कोसळली. अशा वेळी रस्ते अडलेले असतात, कौलारू छपरावर आंबा आडवा पडलेला असतो, वीज नसते, पाऊस सुरूच असतो. कोयता, कुऱ्हाड किंवा कुणाकडून आणलेले कटर, म्हणजे साखळी करवत, घेऊन माणसे कामाला लागतात. त्यांच्या धडपडीचे मोल मोठे आहे. पण या घाईतच जीव जातात, आणि त्यातले बहुतेक अपघात टाळता येण्यासारखे असतात.

झाडाला हात लावण्याआधी वर आणि आजूबाजूला पाहायचे ते विजेच्या तारांसाठी. तुटून फांद्यांत अडकलेली तार मृत आहे असे कधीही धरू नये. गावाची वीज गेलेली असली तरी शेजारच्या घरातल्या जनरेटरमुळे किंवा इन्व्हर्टरमुळे तारेत उलटा प्रवाह येऊ शकतो, आणि ओले लाकूड वीज वाहून नेते. तारेला टेकलेल्या झाडाजवळ वीज कंपनीचा माणूस येऊन पुरवठा तोडल्याची खात्री देईपर्यंत कोणीही जाऊ नये. त्यासाठी १९१२ हा तक्रार क्रमांक आहे. घरावर, गाडीवर किंवा दुसऱ्या झाडावर अडकलेले मोठे झाडही घरच्या माणसांनी कापण्याचे नव्हे. ते क्रेन आणि सराईत माणसे असतील तेव्हाच उतरवावे. शहरात अशा वेळी अग्निशमन दलाला १०१ वर कळवता येते.

कागदोपत्री गोष्टीही आधीच उरकाव्यात. नुकसानभरपाई मागायची असेल तर पंचनामा होईपर्यंत झाड जागचे हलवू नये. रस्ता अडल्यामुळे थांबणे शक्य नसेल तर निदान सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. ग्रामीण भागात १९६४चा वृक्षतोड कायदा आणि शहरांत १९७५चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे. साग, खैर, आंबा, फणस अशा नोंदलेल्या जातींचे लाकूड विकायचे किंवा गावाबाहेर न्यायचे असेल तर वन खात्याकडे चौकशी केल्याशिवाय ट्रक भरू नये.

आणखी एक विचार कुऱ्हाड उचलण्यापूर्वीच करायचा असतो: हे झाड कापायलाच हवे का? कोवळे आंब्याचे किंवा काजूचे कलम कलंडले असेल आणि एका बाजूची मुळे जमिनीत शाबूत असतील, तर फांद्या हलक्या करून, दोर लावून ते सावकाश उभे करता येते आणि टेकू दिला की पुष्कळदा जगते. जुन्या, अवाढव्य झाडाच्या बाबतीत ही आशा सहसा उरत नाही.

मग येते झाडाचे वाचन. झाडाभोवती संपूर्ण फेरी मारून खोड कुठे टेकले आहे, कुठे अधांतरी आहे, कोणती फांदी खोडाचा भार पेलते आहे आणि कोणती नुसतीच लोंबते आहे, हे पाहायचे. अर्धवट मोडून वर अडकलेली फांदी सर्वांत दगाबाज असते. खालच्या कामाच्या हादऱ्याने ती केव्हाही सुटते. तिच्याखाली उभे राहायचे नाही. ढोलीत मधमाश्या आणि पालापाचोळ्यात साप असू शकतात, म्हणून काठीने चाळवून पाहावे. वाकलेल्या लाकडात नेहमी दोन बाजू असतात. बाकाच्या बाहेरच्या अंगाला लाकडाचे तंतू ताणलेले असतात, आतल्या अंगाला दाबलेले. सगळी सुरक्षित कापणी या दोन बाजू ओळखण्यावर उभी आहे. दाबाच्या बाजूने करवत खोल नेली तर ती अडकते. ताणाच्या बाजूने एकदम खोल नेली तर लाकूड चिरफाळत उसळते.

खोडाची दोन्ही टोके टेकलेली असून मधला भाग अधांतरी असेल, तर वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली असते. तिथे आधी वरून जाडीच्या पाव ते एक तृतीयांश भागापर्यंत काप द्यायचा. खाच मिटू लागतेय असे दिसले की थांबायचे आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर ठोकायची. लोखंडी पाचरेला साखळी लागली तर दात तुटून उडतात. मग खालून वर येत काप पुरा करायचा. याउलट खोडाचे एकच टोक टेकलेले असून दुसरे हवेत लोंबत असेल, तर ताण वर आणि दाब खाली असतो. तेव्हा आधी खालून एक तृतीयांश कापायचे आणि मग वरून खाली उतरायचे. क्रम चुकला आणि आधी वरूनच कापत गेले, तर तुटता तुटता खोडाला उभी चीर जाते आणि फाटलेला फाळका उसळून माणसाच्या अंगावर येतो. दोन्ही प्रसंगांत नियम एकच: दाबाच्या बाजूने थोडे, मग ताणाच्या बाजूने उरलेले. खोड आडवे वाकून दोन झाडांच्या किंवा भिंतीच्या बेचक्यात अडकले असेल तर उभे राहण्याची जागा बाकाच्या आतल्या अंगाला, कारण सुटणारे लाकूड बाहेरच्या अंगाला झेपावते.

खोडाखाली चेपलेली मनगटाएवढी रोपटी आणि डहाळ्या हा तर वेगळाच धोका आहे. मोठ्या ओंडक्यापुढे त्या किरकोळ वाटतात, पण वाकवलेल्या बांबूसारखा जोर त्यांच्यात भरलेला असतो. एका घावात तोडल्या तर त्या तोंडावर किंवा छातीवर येतात. बाकाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे लाकूड तासत गेले की तंतू हळूहळू ढिले होतात आणि जोर निमूटपणे ओसरतो. यात वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

कुऱ्हाड, दोन माणसांनी ओढायची लांब करवत आणि आता पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, अशी या कामाची हत्यारे. हातकरवतीने काम संथ होते. पण लाकडाची करकर ऐकू येते आणि खाच मिटताना हाताला कळते. ज्यांना यंत्राची सवय नाही त्यांनी फांद्यांचे काम हातकरवतीनेच करावे, हे लाजेचे नाही. साखळी करवतीचा वेग वेगळाच असतो. तिची साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी करवत बनवली. आजची वळणदार दातांची साखळी अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स यांची. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे न्याहाळताना त्यांना ती सुचली आणि १९४७मध्ये ती बाजारात आली.

या यंत्राचा सर्वांत मोठा धोका पात्याच्या टोकाच्या वरच्या भागात आहे. तो भाग नकळत दुसऱ्या फांदीला टेकला की पाते झटक्यात वर आणि मागे, माणसाच्या मानेकडे आणि चेहऱ्याकडे उसळते. हे इतक्या वेगाने घडते की मागे सरकायला वेळच मिळत नाही. म्हणून यंत्र दोन्ही हातांनी, पुढच्या मुठीला अंगठ्याचा वेढा घालून धरायचे. शरीर पात्याच्या रेषेत ठेवायचे नाही, खांद्याच्या वर यंत्र न्यायचे नाही आणि शिडीवर चढून ते चालवायचे नाही. पुढच्या मुठीसमोरचा साखळीचा ब्रेक काम करतो का, हे रोज सुरुवातीला तपासायचे. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना तो लावूनच पाऊल उचलायचे.

लुंगी किंवा हाफ पँट, पायात चप्पल आणि डोक्याला टॉवेल अशा वेशात कटर चालवणारी माणसे रस्तोरस्ती दिसतात. त्यांना काम देणाऱ्याने साधनेही दिली पाहिजेत. मजुरी ठरवताना जिवाची किंमत वगळून चालत नाही. जाळीदार मुखवटा असलेले हेल्मेट, कानांचे संरक्षक, पुढे पोलादी टोपी असलेले बूट आणि साखळीत गुंतून तिला थांबवणारे तंतू भरलेली खास विजार हा पूर्ण पोशाख होय. यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कान झाकलेल्या माणसाला हाका ऐकू येत नाहीत. म्हणून मदतनीसाने मागून येऊन खांद्याला हात लावू नये; समोर, निदान पाच मीटरवर, नजरेच्या टप्प्यात उभे राहून हातानेच खुणा कराव्यात. एकट्याने हे काम कधीच करू नये. रक्तस्राव दाबून धरायला स्वच्छ कापड जवळ असावे आणि १०८ची रुग्णवाहिका कुठल्या वाटेने येईल हे आधी ठरलेले असावे. पेट्रोल भरताना यंत्र निवू द्यावे आणि भरल्या जागेपासून तीनेक मीटर दूर नेऊन मगच सुरू करावे. आंब्याचा चीक अंगावर उततो, बिब्ब्याचा त्याहून वाईट आणि वडा-पिंपळाचा डोळ्यांत गेला तर फार चुरचुरतो. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा हवाच.

प्रत्यक्ष कापणी बुंध्याकडून शेंड्याकडे जाते. खोड आपल्या आणि करवतीच्या मध्ये ठेवून, पलीकडच्या अंगाच्या मोकळ्या फांद्या आधी उतरवायच्या. झाडाला पेलणाऱ्या फांद्यांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. त्या काढल्या की खोड अचानक खाली बसते किंवा कुशीवर वळते. तोडलेला पाला लगेच बाजूला ओढावा, कारण पायात अडकलेली डहाळी आणि हातात चालू यंत्र यांची गाठ पडू नये. उतारावर असाल तर नेहमी वरच्या अंगाला उभे राहायचे. साठ सेंटिमीटर जाडीचा आणि एक मीटर लांबीचा ओला ओंडका पाव टनाच्या आसपास भरतो. तो गडगडू लागल्यावर हाताने अडवण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे. कापण्याआधीच दोन्ही बाजूंना दगड किंवा ठोकळे लावावेत.

जमिनीला पूर्ण टेकलेले खोड सरळ आरपार कापू नये. साखळी मातीला लागली की दोन क्षणांत बोथट होते, आणि बोथट साखळीला जोर लावणारा माणूस तोल जाऊन पडतो. तीन चतुर्थांश काप वरून द्यावा, मग पहारीने ओंडका कलता करून उरलेला भाग कापावा. लाकडी भुसा बारीक पिठासारखा पडू लागला तर दात घासायची वेळ झाली. धारदार साखळी जाडसर कीस काढते. नारळ आणि सुपारीचे लाकूड यात निराळे. त्यांच्या खोडाचा बाहेरचा थर फार कठीण आणि आतला गाभा मऊ, तंतुमय. तंतू साखळीच्या खाचांत गुंडाळले जातात, म्हणून यंत्र बंद करून ते वरचेवर साफ करावे लागते.

मुळांचा गड्डा सर्वांत शेवटी. खोडाच्या वजनाने तो उभा धरून ठेवलेला असतो. खोड तोडले की तराजूचे एक पारडे रिकामे झाल्यासारखे होते आणि कित्येक टनांची माती-मुळे आपल्या खड्ड्यात परत आदळतात. कधी तो उलट बाजूला, खोडाच्या अंगावरही कोसळतो. त्या खड्ड्यात मुले खेळायला उतरतात, गुरे आडोशाला उभी राहतात. काप देण्याआधी तिथे कोणी नाही हे स्वतः जाऊन पाहावे आणि एका माणसाला लांबून पहाऱ्याला उभे करावे. गड्ड्याला दोर किंवा साखळीने मजबूत झाडाशी बांधता आले तर उत्तम. दीड-दोन मीटर खोड गड्ड्याला तसेच ठेवून कापावे, म्हणजे त्याचे वजन गड्ड्याला थोडे धरून ठेवते. कापणाऱ्याने बाजूला उभे राहून, मागे पळायची वाट मोकळी ठेवून, ताण-दाबाच्या नियमानेच काप द्यावा. लाकूड हलल्याची पहिली खूण दिसताच यंत्र बंद करून मागे सरावे. गड्डा परत बसला नाही तर जेसीबीने तो ढकलून घ्यावा आणि खड्डा त्याच दिवशी बुजवावा. पावसाने भरलेला खड्डा वरून डबक्यासारखा दिसतो आणि त्याची खोली कळत नाही. ओंडके रचताना तळाच्या थराला दोन्ही बाजूंनी खुंट ठोकावेत, रास कमरेपेक्षा उंच नेऊ नये आणि मुलांना तिच्यावर चढू देऊ नये.