जुनी कुऱ्हाड, नवा दांडा

लाकडाची वखार, बेकरीची भट्टी आणि लग्नातल्या देगा, या तिन्ही धंद्यांत सरपणाचा हिशोब रोज लिहिला जातो. कुऱ्हाड, करवत आणि पाचर यांचा हिशोब मात्र कोणी ठेवत नाही. आम्ही कापडाचे व्यापारी. धोटा झिजला म्हणून कोणी माग भंगारात घालत नाही, हे आम्ही रोज पाहतो. मग दांडा मोडला की नवी कुऱ्हाड कशासाठी? जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. सरपणाचे मोठे गिऱ्हाईक असे हातचे जात असताना अवजारांवरचा वायफळ खर्च वखारवाल्याला परवडणारा नाही.

दांड्याची निवड

कुऱ्हाडीचे पाते सहसा वाया जात नाही, दांडा जातो. त्यासाठी बाभूळ किंवा धावडा घ्यावा आणि तो सावलीत पुरता वाळलेला असावा. ओला दांडा नेढ्यात घट्ट बसतो खरा, पण वाळला की आकसतो आणि घावासरशी पाते निसटते. समोर उभ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे. लाकडाचे रेषे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले पाहावेत. रंग लावू नये, रंगाखालचा तडा दिसत नाही. जवसाचे तेल पुरे.

ढिली कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवण्याची सवय अनेकांना आहे. त्याने दोन दिवस काम निघते. पण फुगलेले लाकूड नेढ्यात दबते आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षा अधिक ढिले होते. नवी पाचर ठोकणे हाच खरा उपाय. नेढ्यात अडकलेला तुकडा काढण्यासाठी पाते विस्तवात टाकू नये, धारेचे पाणी उतरते. तुकड्याला भोके पाडून तो ठोकून काढावा.

धारेचे पाणी

धार तपासायला एक कानस पुरते. कानस किंचित अडखळत कापत असेल तर पाणी योग्य. लोण्यासारखी चालली तर पोलाद मऊ आहे. काचेवरून सरकावी तशी घसरली तर धार फार कडक आहे, तिचा कपचा उडेल. ग्राइंडरवर धार लावताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. धार निळी पडली तर तिथले पाणी गेले असे समजावे.

नवे अवजार करायचे तर भंगारातला ट्रकचा पाटा चांगला. बांधकामाच्या साध्या लोखंडात कार्बन कमी असतो, त्याला पाणी चढत नाही. पाटा घेताना जुना तडा नाही ना, हे पाहावे. नेढे घडवणे कष्टाचे असल्यामुळे पाट्याचा कोयता स्वस्तात होतो. लोहाराने धार इतकी तापवावी की लोहचुंबक चिकटणार नाही, मग किंचित अधिक तापवून ती तेलात बुडवावी. पाण्यात बुडवली तर हे पोलाद तडकू शकते. नंतर धार घासून उजळ करावी आणि पाठीकडून हळूहळू ऊब द्यावी. पिवळा, तपकिरी असे रंग चढत जातात. जांभळा दिसताच थांबावे. ही दुसरी ऊब टाळली तर कोयता पहिल्याच गाठीवर तुटतो.

पाचर आणि करवत

लोखंडी पाचरेचे डोके घणाच्या माराने फुलते. त्या कडा वेळीच घासून काढाव्यात, त्यांचा कण उडून डोळा जाऊ शकतो. कुऱ्हाडीची पाठ घण म्हणून वापरू नये, नेढे फाकते. करवत अडकत असेल तर तिकोनी कानशीने दात घासून ते एकाआड एक डावीउजवीकडे किंचित वाकवून घ्यावेत.

मजुरीचा हिशोब

हे सारे काम लोहार आणि शिकलगार यांच्या हातचे आहे. त्यांची मजुरी काम देण्यापूर्वी ठरवावी आणि माल हाती येताच चुकती करावी. काटकसर नव्या खरेदीत करायची, कारागिराच्या मजुरीत नाही. उधारीला कंटाळून त्याने भाता बंद केला तर आपल्याला प्रत्येक मोडलेल्या दांड्यासाठी बाजारातली नवी कुऱ्हाडच घ्यावी लागेल. वखारीत एक वही ठेवावी. कोणते अवजार कधी दुरुस्त झाले, काय खर्च आला आणि ते किती दिवस चालले, एवढे लिहावे. वर्षअखेरीस ही वही नवी खरेदी आणि दुरुस्ती यांतला फरक रुपयांत दाखवील.