तेलाच्या जिवावर

जुन्या पोर्शे 911मध्ये बसलं की समोर पाच तबकड्या दिसतात. मधली सर्वांत मोठी, इंजिनाचे फेरे दाखवणारी. तिच्या शेजारी डावीकडे तेलाचं तापमान आणि तेलाचा दाब. पाण्याच्या तापमानाचा काटा शोधून सापडणार नाही, कारण या गाडीच्या इंजिनात पाणीच नाही. 1964 ते 1998 या काळातली 911 हवेवर थंड होते असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. पंख्याचा वारा सिलिंडरच्या बाहेरच्या पात्यांवरून जातो. बेअरिंग, कॅमशाफ्ट, पिस्टनची खालची बाजू इथपर्यंत तो पोचत नाही. तिथली उष्णता उचलायला तेलच लागतं.

म्हणून अभियंते हान्स मेत्सगर यांनी आखलेल्या या सहा सिलिंडरच्या इंजिनात तेलाचा संसार मोठा आहे. तेल इंजिनाच्या तळाशी साचू दिलं जात नाही. एक पंप ते उपसून वेगळ्या टाकीत टाकतो, दुसरा टाकीतून पुन्हा इंजिनाला पाजतो. ऐंशीच्या दशकातल्या 3.2 लिटरच्या 911 कॅरेरात तब्बल 13 लिटर तेल मावतं. आपल्या लहान हॅचबॅकचं तीन-चार लिटरमध्ये भागतं. इंजिनावर एक कूलर असतोच. शिवाय तेल पुरेसं तापलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि ते मागच्या इंजिनापासून लांब नळ्यांतून पार पुढच्या उजव्या मडगार्डमधल्या कूलरपर्यंत जाऊन येतं.

आता प्रश्न घट्टपणाचा. तेल पातळ होतं ते तुपासारखं, पण तुपाहून दगाबाज रीतीनं. 20डब्ल्यू-50 तेल 100 अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या आठ-नऊ पट ते 40 अंशांना असतं. या नावातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. मागचा आकडा 100 अंशांचा. गाडी तापली की तेल पातळ होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. उलटी बाजू फारशी बोलली जात नाही: तेलच गाडी तापवतं. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधला तेलाचा थर सतत फाटत-सरकत असतो आणि त्या घर्षणाची उष्णता तेलातच मुरते. तेल जितकं घट्ट, तितकी ही उष्णता जास्त. फेरे दुप्पट झाले तर ती साधारण चौपट. शिवाय घट्ट तेल कूलरच्या बारीक वाटांतून रेंगाळत जातं, भिंतींना नीट उष्णता देत नाही. मग गरम होऊन ते पातळ होतं, घर्षण घटतं आणि कुठेतरी काटा स्थिरावतो. म्हणजे डब्यावरचा आकडा बदलला की तापमानाचा मुक्कामही थोडा सरकतो.

तरीही ट्रॅकवर गाडी पळवणारे जाड तेलच मागतात, आणि ते चुकत नाहीत. तेल 120-130 अंशांच्या वर गेलं की पातळ तेलाचा थर बेअरिंगवर टिकेल याची खात्री राहत नाही. थोडी जादा उष्णता परवडते, धातूला धातू घासणं परवडत नाही. मला खटकतो तो दाबाच्या काट्याचा भरवसा. जाड तेल भरल्यावर काटा वर चढला की मालक खूश होतो. पण दाब म्हणजे अडथळाही असतो. थंड इंजिनात काटा वर टेकलेला असतो तेव्हा बरंचसं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून, बेअरिंगकडे न जाताच, मागे फिरत असतं.

या गाडीचं तेल मोजायचं तेही सपाट जागेवर, इंजिन गरम आणि चालू ठेवून. थंड गाडीत काडी बुडवून पाहणाऱ्याला तेल कमी दिसतं, कारण उभ्या गाडीत ते टाकीतून झिरपून इंजिनात उतरलेलं असतं. नवखा मालक घाबरून लिटरभर ओततो. गाडी तापते, तेल फुगतं, टाकीत मावेनासं होतं, हवेच्या नळीतून इंजिनातच शिरतं, आणि मागे निळ्या धुराचा लोट उठतो.